ग्लोव्ह बॉक्स घरी काढावा की गॅरेजमध्ये?

गाडीच्या एसीची हवा कमी येऊ लागली की गॅस संपला असावा, असे आपण आधी समजतो. मात्र सोलापूरच्या कोरड्या, धुळीच्या उन्हाळ्यात दोष बऱ्याचदा ग्लोव्ह बॉक्सच्या, म्हणजे डाव्या सीटसमोरच्या झाकणाच्या खणाच्या, मागे बसवलेल्या केबिन फिल्टरमध्ये (आत येणारी हवा गाळणाऱ्या जाळीत) असतो. तो फिल्टर पाहायचा तर खण काढावा लागतो, आणि ते काम स्वतः करावे की होटगी रोडवरच्या एखाद्या गॅरेजात गाडी लावावी, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

स्विफ्टसारख्या गाड्यांत हे काम घरी करण्याजोगे आहे. खण रिकामा करून दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबल्या की खण अडवून धरणारे स्टॉपर सुटतात, खण पूर्ण खाली झुकतो आणि तळाच्या बिजागरीतून आपल्याकडे ओढला की निघतो. झाकण सावकाश उघडण्यासाठी बाजूला दोरी किंवा डॅम्पर (झाकणाचा वेग रोखणारा छोटा दांडा) असल्यास तो आधी सोडवावा. माझ्या गाडीचा फिल्टर पहिल्यांदा बाहेर काढला, तेव्हा त्याच्या घड्यांत करड्या धुळीचा जाड थर आणि लिंबाची वाळलेली पाने अडकलेली होती. नवा फिल्टर बसवताना त्यावरचा बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेने ठेवावा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊन पुन्हा वापरू नये, हे मी आग्रहाने सांगतो, कारण ओल्या कागदाची जाळी बिघडते आणि त्याला कुबट वास येतो.

घरच्या कामाचा मोठा फायदा म्हणजे सावकाशपणा. उन्हात वर्षानुवर्षे तापून ठिसूळ झालेला प्लास्टिकचा स्टॉपर घाईने ओढल्यास तुटतो. एका गॅरेजात माझ्या गाडीचा असाच तुटला आणि खण महिनाभर खडखडत राहिला. स्वतः काढताना खण सोलापुरी टॉवेलच्या ओलसर तुकड्याने पुसता येतो, बिजागरीवर थोडा सिलिकॉन स्प्रे मारता येतो आणि मागे उंदराने घरटे केले आहे का, हेही पाहता येते. बिजागरीला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये. त्यावर धूळ चिकटते.

मात्र खण स्क्रूंनी बसवलेला असेल, आत दिव्याची वायर असेल किंवा प्रवाशाच्या एअरबॅगचे पिवळे कनेक्टर हाताशी येत असतील, तर गॅरेजच योग्य आहे. त्या कनेक्टरांना हौसेने हात लावू नये. एखाद्या गाडीत फिल्टर दुसरीकडेच असतो, म्हणून खण ओढण्याआधी गाडीची पुस्तिका वाचावी. फिल्टरची मुदतही तीत दिलेली असते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीसारख्या धुळीच्या भागात रोज जाणाऱ्याने मुदतीच्या आधीच तो तपासावा. गॅरेजात काम करून घेताना शेजारी उभे राहून प्रत्येक स्क्रू परत बसल्याची खात्री करावी.

देखभालीचा उरलेला भाग मात्र दोन्ही पर्यायांत आपल्याच हाती असतो. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीचा आतला भाग बाहेरच्या 42 अंशांपेक्षा कितीतरी अधिक तापतो, त्यामुळे खणात लायटर, सॅनिटायझर, सुगंधी स्प्रे किंवा पॉवर बँक ठेवू नये. डाव्या सीटवरच्या प्रवाशाच्या पायापाशी गालिचा ओला आढळल्यास एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असू शकते. तेव्हा केवळ खण काढून भागत नाही, गाडी थेट एसीच्या मिस्त्रीला दाखवावी.