टीआय बीए टू प्लस कॅल्क्युलेटर : कॉमर्सच्या अभ्यासासाठी वर्षभर वापरल्यानंतर

हप्ते, चक्रवाढ आणि वार्षिकीच्या (ठरावीक काळाने दिल्या-घेतल्या जाणाऱ्या समान रकमांच्या) गणितांसाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा हा कॅल्क्युलेटर उत्तम आहे, संख्याशास्त्रासाठी मात्र जेमतेम. वर्षभराच्या वापरातून एक गोष्ट पक्की झाली : सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकतं, तेव्हा बहुतेक वेळा आधीच्या गणिताचं सेटिंग तसंच राहिलेलं असतं.

हातात आल्याबरोबर दोन बदल करा. 'सेकंड' आणि 'फॉरमॅट' दाबून दशांश स्थळं 2 वरून 4 करा. तिथूनच खाली जात 'सीएचएन' दिसलं की 'सेकंड', 'सेट' दाबून 'एओएस' (गुणाकार-भागाकार आधी करणारी पद्धत) निवडा. मूळ सेटिंगवर 2 + 3 × 4 चं उत्तर 20 येतं, कारण यंत्र डावीकडून उजवीकडे क्रमाने हिशोब करत जातं. बदलल्यावर 14 येतं.

आता हप्त्याचं गणित. कर्ज 5,00,000, दर 9 टक्के, मुदत 5 वर्षं, हप्ता दरमहा. 'सेकंड', 'सीएलआर टीव्हीएम' दाबून जुने आकडे पुसा. पी/वाय (वर्षातले हप्ते) 12 करा, एन (एकूण हप्ते) 60, आय/वाय (वार्षिक दर) 9, पीव्ही (आजची रक्कम) 5,00,000, एफव्ही (शेवटी उरणारी रक्कम) 0, मग 'सीपीटी' (उत्तर काढा), 'पीएमटी' (हप्ता). उत्तर उणे 10,379.18. उणे चिन्ह बरोबरच आहे : कर्ज हातात आलं, हप्ता हातातून गेला. पी/वाय 1 राहिलं असेल तर यंत्र दरमहा 9 टक्के धरतं आणि हप्ता 45,257 दाखवतं. उलट, वार्षिक चक्रवाढीच्या गणितात पी/वाय 12 राहिलं, तर 8 टक्क्यांनी 5 वर्षांत 1,00,000 चे 1,46,933 व्हायच्या जागी 1,03,378 च येतात. हा आकडा पटण्यासारखा दिसतो, म्हणून जास्त घातक. 'बीजीएन' (हप्ता प्रत्येक कालावधीच्या सुरुवातीला धरण्याचं सेटिंग) पडद्यावर दिसतं, पी/वाय दिसत नाही. 'सीएलआर टीव्हीएम'नेही ते बदलत नाही, त्यामुळे प्रत्येक गणिताआधी उघडून बघायचं.

आवर्ती ठेवीत हप्ता मासिक पण चक्रवाढ तिमाही असेल, तर आधी पी/वाय 12 आणि त्यानंतर सी/वाय (वर्षातून चक्रवाढ किती वेळा) 4. क्रम उलटा केलात तर पी/वाय भरताना सी/वाय आपोआप 12 होतं.

पैसे वसूल होतात ते दर काढताना. वरचंच कर्ज 9 टक्के फ्लॅट दराने (पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज) घेतलं, तर व्याज 2,25,000 आणि हप्ता 12,083.33. पीएमटी उणे भरून आय/वाय काढा : 15.7 टक्क्यांच्या आसपास. वहीवर हे करायचं तर अंदाज घेत घेत पान भरतं. पीव्ही आणि पीएमटी दोन्ही अधिक भरले तर 'एरर 5' येतो. चिन्ह बदललं की काम होतं. 'अमॉर्ट'मध्ये (हप्त्यांतलं व्याज आणि मुद्दल वेगळं करणारा भाग) पी1 ला, म्हणजे पहिल्या हप्त्याला, 1 आणि पी2 ला, म्हणजे शेवटच्या हप्त्याला, 12 दिलं की पहिल्या वर्षाचं व्याज आणि मुद्दल वेगळं मिळतं. 9 टक्के घटत्या शिलकीच्या कर्जात व्याज सुमारे 41,635 निघतं.

संख्याशास्त्रात मध्यक, बहुलक, चतुर्थक यंत्र देतच नाही. वर्गांतरं असतील तर वर्गमध्य आपणच काढून एक्समध्ये भरायचा, वारंवारता वायमध्ये. त्यानंतर 'स्टॅट'मध्ये '1-व्ही' (एकाच चलाचं गणित) निवडणं विसरू नका. 'लिन' (दोन चलांची सरळ रेषा) राहिलं तर वारंवारता हे दुसरं चल समजलं जातं : 10, 20, 30 च्या वारंवारता 2, 5, 3 असताना मध्य 21 ऐवजी 20 येतो. प्रमाण विचलनही दोन मिळतात. 12, 15, 15, 18, 20 साठी एसएक्स 3.08 (भागिले एन वजा 1) आणि सिग्मा-एक्स 2.76 (भागिले एन). बी.कॉम.च्या सूत्रात बहुधा एनने भागतात, तिथे सिग्माच लिहायचं. समाश्रयणात (रिग्रेशनमध्ये) फक्त वायची एक्सवरची रेषा मिळते. दुसऱ्या रेषेचा (एक्सची वायवरची) गुणांक हवा असेल तर आरच्या (सहसंबंध गुणांकाच्या) वर्गाला 'बी'ने (मिळालेल्या रेषेच्या उताराने) भागा.

सीएफएच्या (आर्थिक विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय) परीक्षेत हा चालतो. विद्यापीठाच्या परीक्षेत अनेक ठिकाणी साधाच कॅल्क्युलेटर नेऊ देतात, शिवाय पायऱ्यांना गुण असतात. आपल्या कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारल्याशिवाय विकत घेऊ नका. परवानगी नसेल तर घरी उत्तर पडताळण्यापुरतं स्प्रेडशीटमधली पीएमटी (हप्ता) आणि रेट (दर) ही फंक्शन्स पुरेशी आहेत.