माल्टा बघितलं, पण टूरवाल्यानं पळवलं
मे महिन्यात आई-पप्पा आणि आम्ही दोघं कोल्हापुरातल्याच एका ट्रॅव्हल्सकडनं माल्टाला जाऊन आलो. बेट लई भारी, त्याबद्दल शंकाच नाही. व्हॅलेटा म्हणजे १५६६ साली वसवायला घेतलेलं तटबंदीचं गाव, सगळा मधाच्या रंगाचा दगड, रंगीत लाकडी बाल्कन्या आणि गल्लीच्या टोकाला डायरेक्ट समुद्र दिसतोय. मार्साश्लॉकला होड्यांच्या नाळेवर दोन डोळे रंगवलेले असतात, वाईट नजर लागू नये म्हणून, आई एका होडीपुढं कितीतरी वेळ नुसती उभी होती. वाटाण्याचं सारण भरलेली गरम पस्तित्सी चहासोबत खावाच, पापुद्रे अंगावर सांडतात पण चव एक नंबर.

राग आहे तो टूरवाल्यावर. शेजारच्या गोझो बेटावर जायला बोटीनं जेमतेम २५ मिनिटं लागतात, तरी तिथं अर्धाच दिवस ठेवलेला, रामला बीचवरच्या त्या लालसर वाळूत पप्पा चप्पल काढून पाण्याकडं निघाले तोवर यांची शिट्टी! एवढे पैसे भरून माणसाला पाय पण भिजवू देत नाहीत म्हणजे काय? प्लॅन घेताना गोझोत एक मुक्काम मागूनच घ्या.