आधी डोक्यावरचं वस्त्र की आधी मन?

माणूस बाहेरून आत घडतो की आतून बाहेर? ज्यू विचारात हा प्रश्न फार जुना.

पहिली बाजू कापडाची. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात रव नहमान बर इत्सहाक या धर्मपंडितांची गोष्ट आहे. ज्योतिषांनी आईला सांगितलं, पोरगा चोर निघणार. तिने त्याला बजावलं, डोकं कधी उघडं ठेवू नकोस, म्हणजे देवाचा धाक राहील. एकदा तो खजुराच्या झाडाखाली अभ्यास करत बसला असताना डोक्यावरचं वस्त्र घसरलं. नजर वर गेली, मोह झाला, आणि गडी झाडावर चढून चक्क दातांनी घड तोडू लागला! झाड परक्याचं. 13व्या शतकातल्या स्पेनमधला 'सेफर हहिनुख' हा ग्रंथही हेच सांगतो: कृती जिकडे, मन तिकडे.

दुसरी बाजू मनाची, 11व्या शतकातले ज्यू विचारवंत बाह्या इब्न पाकुदा यांची. लोक हातापायांची कर्तव्यं पाळतात, हृदयाची विसरतात, ही त्यांची तक्रार. हेतूच नसेल तर आचार पोकळ.

मला विचाराल तर बाह्यांचं निदान अचूक, पण औषध अवघड. मन रोज सकाळी हुकमी कुठे तयार असतं? चार कोपऱ्यांना गोंडे लावलेलं ज्यूंचं धार्मिक वस्त्र मात्र खुंटीवर असतंच. आपल्या कोकणातले बेने इस्राएल घ्या. इतर ज्यूंपासून कित्येक पिढ्या तुटलेले, तरी शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद. लोक त्यांना 'शनवार तेली'च म्हणायचे.