जुन्या जॅग्वारचं इंजिन बदलताना मी कसा फसलो

लॉगबुकावरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, इंजिन नंबर मी पहिल्यांदा नीट वाचला, तोवर ते इंजिन माझ्या गाडीतून निघून आठ महिने झाले होते. तो आधी वाचून कुठेतरी टिपून ठेवला असता, तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

गाडी १९७७ ची जॅग्वार एक्सजे६, सीरिज २, ४.२ लिटरची. नोकरीनिमित्त मी इंग्लंडमध्ये राहतो आणि ही गाडी घेण्यासाठी कित्येक वर्षं पैसे बाजूला टाकले होते. एक्सजे६ बाजारात आली १९६८ मध्ये. जॅग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांचा हात लागलेली ही शेवटची सलून. मागच्या दोन्ही बाजूंना पेट्रोलची एकेक टाकी, आणि डॅशबोर्डवरचं बटण दाबून एकीवरून दुसरीवर जायचं. बॉनेटखाली सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात बॉम्बहल्ल्यांच्या आगीवर लक्ष ठेवत रात्री जागणाऱ्या इंजिनिअरांनी ज्याची आखणी केली, १९४८ मध्ये जे पहिल्यांदा लोकांसमोर आलं आणि ज्याच्या जोरावर जॅग्वारने १९५१ ते १९५७ दरम्यान ल मॉंची शर्यत पाच वेळा जिंकली, ते हे इंजिन. हे सगळं मला पाठ होतं. माझ्या स्वतःच्या इंजिनावर ठोकलेला नंबर मात्र माहीत नव्हता.

एका उन्हाळ्यात गाडीच्या रेडिएटरमधलं पाणी कमी होऊ लागलं. लांबच्या प्रवासात तापमानाचा काटा वर चढायचा, सकाळी चालू केल्यावर पांढरा धूर यायचा. जुन्या ब्रिटिश गाड्यांचं काम करणारं एक गॅरेज कोणीतरी सुचवलं, तिथे गाडी नेली. दोन आठवड्यांनी फोन आला: ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला, तडा गेलाय, इंजिन संपलं. सोबत मोबाइलवर एक फोटो. दोन सिलिंडरांच्या मधल्या पातळ भिंतीवर केसासारखी रेघ.

मी लगेच विश्वास ठेवला, कारण ४.२ च्या ब्लॉकला सिलिंडरांच्या मध्ये तडे जातात हे मी ऐकलं होतं आणि ते खरंही आहे. फसवणारा माणूस नेहमी अर्ध्या खऱ्या गोष्टीवर उभा राहतो. पण तो तडा माझ्याच ब्लॉकचा कशावरून? फोटोत नंबर नव्हता, आजूबाजूचं काही दिसत नव्हतं. खरं तर ब्लॉक मशीन शॉपमध्ये प्रेशर टेस्टला पाठवायचा असतो. पाण्याच्या वाटा बंद करून आत हवेचा दाब देतात, तडा आरपार असेल तर तिथून बुडबुडे येतात. त्याचा लेखी रिपोर्ट मिळतो. मी तो मागितला नाही. पाणी कमी होणं आणि पांढरा धूर ही लक्षणं साधं हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली पातळ पट्टी, गेल्याचीही असतात, आणि एक्सकेमध्ये लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड असल्यामुळे गॅस्केट जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

मग गॅरेजवाल्याने प्रस्ताव ठेवला. एक्सके बांधून घेण्यात पैसे घालू नका, त्याऐवजी शेव्हरोलेचं ३५० घाला. ३५० म्हणजे ३५० घन इंच, ५.७ लिटरचं व्ही८. कोरं करकरीत, खोक्यातून काढलेलं. सोबत तीन गिअरचा अमेरिकन ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. सगळं मिळून ११,४०० पौंड.

इथे एक स्पष्ट करतो. एक्सजेमध्ये शेव्हरोले व्ही८ बसवणं ही मुळात फसवणूक नाही. अमेरिकेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, त्यासाठी माउंटिंगचे तयार किट मिळतात. या इंजिनाची ऑइल संप, म्हणजे तळाची तेलाची टाकी, मागच्या बाजूला खोल असते, त्यामुळे ते एक्सजेच्या पुढच्या क्रॉसमेंबरवर, म्हणजे गाडीखालच्या आडव्या तुळईवर, अडत नाही. त्रास येतो तो एग्झॉस्टचा, कारण व्ही८ ला दोन्ही बाजूंना एग्झॉस्ट असतो आणि उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत त्यातला एक स्टिअरिंगच्या दांड्याजवळून न्यावा लागतो. रेडिएटरचाही नीट विचार करावा लागतो. पण मन लावून केलेली अशी गाडी मी पाहिली आहे आणि चालवलीही आहे. म्हणूनच मी हो म्हणालो.

जुनं इंजिन मला परत हवं, हे मी तेव्हाच सांगितलं. तो म्हणाला, "हो हो, पॅलेटवर बांधून ठेवतो." हे तोंडी झालं. जॉबशीटवर, म्हणजे कामाच्या करारपत्रकावर, सही केली तेव्हा खाली बारीक अक्षरात ‘एक्स्चेंज’ असा एक चौकोन होता आणि त्यावर आधीच खूण केलेली होती. मी पहिल्या पानावरची रक्कम पाहिली, तारीख पाहिली आणि सही केली. त्या खुणेचा अर्थ, निघालेला माल गॅरेजचा. पुढे वाद झाला तेव्हा त्याने हाच कागद पुढे केला.

पैशांचंही असंच झालं. ४,००० पौंडांचा ॲडव्हान्स कार्डाने द्यायला निघालो, तर म्हणाला की कार्डाचे तीन टक्के जास्त पडतील, बँकेतून थेट पाठवा. मी पाठवले, पुढचे हप्तेही तसेच गेले. जानेवारी २०१८ पासून ब्रिटनमध्ये ग्राहकाच्या कार्डावर असा जादा आकार लावणं बेकायदेशीर आहे. म्हणजे ते वाक्यच धोक्याची घंटा होतं. आणि नुकसान तीन टक्क्यांचं नव्हे, त्याहून कितीतरी मोठं. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ नुसार, १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या व्यवहारात थोडी रक्कम जरी क्रेडिट कार्डाने दिली, तरी कार्ड कंपनी पूर्ण व्यवहाराला दुकानदाराइतकीच जबाबदार धरली जाते. मी ॲडव्हान्सपैकी काही शे पौंड जरी क्रेडिट कार्डाने भरले असते, तर आज माझ्यामागे एक बँक उभी असती.

तीन महिने म्हणता म्हणता सात महिने लागले. गाडी आली तेव्हा बॉनेट उघडून मी नुसता पाहत राहिलो. शेव्हरोलेच्या त्या ठरलेल्या नारिंगी रंगात झळाळणारं इंजिन, क्रोमची झाकणं. चालू केल्यावर आवाजही छान. पण चढावर दम नव्हता. स्पीडोमीटर गाडीच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा बराच कमी दाखवायचा. आणि तीन आठवड्यांत ऑइल खाऊ लागली.

दुसऱ्या एका मेकॅनिककडे नेली. त्यांनी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांमधला दाब, पाहिलं, दोन सिलिंडरांत तो पडलेला. इंजिनावरचं झाकण (रॉकर कव्हर) काढलं तर खाली काळा चिखल. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन ते मागे वाकले. या इंजिनाचा ओतीव नंबर ब्लॉकच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या कडेला असतो. तो त्यांनी वाचला, मग ब्लॉकच्या बाजूचा नारिंगी रंग खरवडला. खाली ओतीव अक्षरांत ५.० होतं.

म्हणजे ते ३५० नव्हतंच. ते होतं ३०५, पाच लिटरचं. दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जाण्याचं अंतर, एकच, ३.४८ इंच. फरक बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात: ३५० ला ४ इंच, ३०५ ला ३.७३६. बाहेरून दोन्ही सारखीच, माउंटिंगही तेच. कुठल्यातरी जुन्या गाडीतून काढलेलं, रंग फासून मला कोरं म्हणून दिलेलं.

याचा त्रास फक्त ताकदीपुरता नाही. डीव्हीएलएला, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याला, इंजिनाची क्षमता बदलल्याचं पुराव्यासह कळवावं लागतं. गॅरेजची पावती जोडून मी ५,७०० सीसी कळवलं होतं. विमा कंपनीलाही तेच. दोन्हीकडे नकळत खोटी माहिती गेली होती, ती दुरुस्त करताना माझाच जीव गोळा झाला. अपघात झाला असता तर काय, या विचाराने अजूनही अस्वस्थ होतं.

एमओटीचं, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य आहे का याच्या तपासणीचं, तर मला कोणी सांगितलंच नाही. चाळीस वर्षांवरच्या गाडीला वार्षिक एमओटीतून सूट मिळते, पण गेल्या तीस वर्षांत तिच्यात मोठा बदल झालेला नसेल तरच. त्याच इंजिनाची वेगळी क्षमता चालते, त्या मॉडेलला कारखान्यातून येणारं दुसरं इंजिन चालतं. एक्सजेच्या त्या पिढीत सहा आणि बारा सिलिंडर होते, आठ कधीच नव्हते. सूट गेली. इंजिन बदलायच्या विचारात असाल तर हे आधी बघा.

आणि मग मूळ इंजिन. मी न्यायला गेलो तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, भंगारात दिलं, तुम्ही वेळेत नेलं नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे पडून आहे म्हणून विकायची असली, तरी १९७७ च्या कायद्याप्रमाणे मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते. मला एक ओळही आली नव्हती. ते निदर्शनास आणल्यावर त्याने ‘एक्स्चेंज’ची खूण दाखवली.

त्यानंतर महिन्याभराने जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या एका वयस्कर सभासदांनी जुन्या भागांच्या एका जाहिरातीचा फोटो पाठवला. "सीरिज २ चं चालू ४.२ इंजिन, उत्तम स्थितीत." विकणारा तोच, आणि इंजिन विकलं गेलेलं. फोटोत ब्लॉकवरचा ठोकलेला नंबर स्वच्छ दिसत होता, सुरुवात 8एल. मी कपाटातून लॉगबुक काढलं आणि एकेक आकडा बोटाने ताडून पाहिला. माझंच होतं.

घेणाऱ्याचा पत्ता शोधून त्यांना पत्र लिहिलं. ते बिचारे सज्जन निघाले. त्यांनी मशीन शॉपमध्ये ब्लॉक तपासून घेतला होता, तडा नव्हता. हेड घासून सपाट केलं, नवं गॅस्केट घातलं, इतकंच. त्या दिवशी मला झोप लागली नाही. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण धडधाकट इंजिन मेलं म्हणून सांगून माझ्या हातातून काढून घेतलं, याचा राग जास्त होता.

दावा लावायचं ठरवलं. स्वतंत्र इंजिनिअरचा रिपोर्ट घेतला, दावापूर्व पत्र पाठवलं. इंग्लंडमध्ये स्मॉल क्लेम्सची, म्हणजे लहान रकमेच्या दाव्यांची, मर्यादा १०,००० पौंड, म्हणून मागणी तिच्यात बसवली. सुनावणीच्या आधीच गॅरेजची कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे दिवाळ्यात, गेली. कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या, वेबसाइटवर कोणत्याही कंपनीचे कागद फुकट पाहता येतात. मी पाहिले ते तेव्हा: हिशेब कधीचे थकलेले, आणि त्याच संचालकाची याआधीची एक कंपनीही अशीच बंद झालेली. दहा मिनिटांचं काम होतं, ॲडव्हान्स देण्याआधी करायचं.

तुमची गाडी आज उघडणार असेल, तर आधी इंजिन नंबरचा फोटो तुम्ही स्वतः काढा, गाडीची नंबर प्लेट त्याच फोटोत येईल असा. जॅग्वार असेल तर जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून सर्टिफिकेट मागवा. कारखान्यातून कोणतं इंजिन बसून आलं, ते त्यावर नंबरासकट असतं. निघालेलं इंजिन कोणाचं, हे जॉबशीटवर तुमच्या अक्षरात लिहा. नवं म्हणून जे येईल, त्याचा नंबर गाडीत बसवण्याआधी पाहून घ्या. बसल्यावर आरसा लागतो.

माझी गाडी सध्या बॉनेट काढून उभी आहे, ३०५ उतरवून ठेवलंय. माझं इंजिन आता दुसऱ्याच्या एक्सजेत आहे आणि चांगलं चालतंय. ते परत मागण्याची माझी इच्छा नाही, त्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे पैसे मोजलेत. त्यांना एवढीच विनंती केली की ब्लॉकवरचा नंबर घासू नका, आणि त्यांनी तसा शब्द दिलाय. मी दुसरं ४.२ एक्सके शोधतोय, प्रेशर टेस्टच्या रिपोर्टसह. ते मिळालं की लॉगबुकात तिसरा नंबर चढेल.