ठरलेला पगार की कमिशन? मोठ्या स्टोअरच्या दोन मुलाखती

मोठ्या स्टोअरमध्ये विक्रीच्या जागा निघाल्या की जाहिरातीत बहुतेक वेळा एकच नाव असतं: सेल्स असोसिएट. त्या एका नावाखाली दोन वेगळ्या नोकऱ्या असू शकतात. एकीत तुम्ही कपडे, चपला, घरसामान अशा विभागात ठरलेल्या पगारावर उभे राहता. दुसरीत टीव्ही, मोबाइल, फर्निचर, गाद्या किंवा दागिन्यांचा काउंटर सांभाळता. तिथे मूळ पगार कमी असतो आणि बाकीचं विक्रीवर मिळतं. अर्ज एकाच दारातून आत जातो, पण मुलाखती वेगळ्या होतात. कुठल्या जागेसाठी बसायचं हे आधी ठरवलं नाही, तर एका नोकरीची उत्तरं दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत दिली जातात. मी दोन्हीकडे उमेदवार म्हणून गेलो आहे. पुढे काही वर्षं मुलाखती घेतल्याही. चांगली माणसं सर्वांत जास्त याच गोंधळात हातची गेलेली पाहिली.

मुलाखत घेणाऱ्याला कशाची धास्ती आहे हे ओळखलं की अर्धी तयारी होते.

ठरलेल्या पगाराच्या जागेसाठी धास्ती साधी असते. हा माणूस रोज वेळेवर येईल का? गर्दीच्या दिवशी सुट्टी टाकेल का? तीन महिन्यांत सोडून जाईल का? म्हणून तिथले प्रश्न शिफ्टचे असतात: शनिवार-रविवार चालतील का, सणासुदीला थांबाल का, दुकान बंद झाल्यावर घड्या घालायला आणि डिस्प्ले लावायला तासभर राहाल का. हे प्रश्न नुसते विचारायचे म्हणून विचारलेत असं बऱ्याच जणांना वाटतं आणि ते सगळ्याला हो म्हणतात. तसं करू नका. मंगळवारी संध्याकाळी क्लास असेल तर तिथेच सांगा: ‘मंगळवार सोडून कोणतीही शिफ्ट चालेल, वीकेंड दोन्ही दिवस.’ अशा उत्तराने मॅनेजरला रोस्टर, म्हणजे कोणी कधी यायचं याचं वेळापत्रक, लावता येतं. सगळ्याला हो म्हणून दुसऱ्याच आठवड्यात अडचण सांगणारा माणूस मात्र त्याच्या मनातून उतरतो, आणि पुन्हा चढत नाही.

कमिशनच्या काउंटरवर धास्ती दुहेरी असते. हा माणूस तयार गिऱ्हाईक हातचं घालवेल का, ही पहिली. खोटं बोलून विकेल आणि आठवड्याने माल परत येईल का, ही दुसरी. उमेदवार पहिलीसाठीच तयारी करून येतात आणि छाती पुढे काढून सांगतात, ‘मी कोणालाही काहीही विकू शकतो.’ समंजस मॅनेजर हे ऐकून सावध होतो. परत आलेल्या मालाचा हिशेब त्याच्या डोक्यावर असतो, आणि पुष्कळ ठिकाणी विक्रेत्याच्या कमिशनातूनही तो वजा होतो. त्यापेक्षा एखाद्या ग्राहकाला महागडी वस्तू गरजेची नाही म्हणून स्वस्त सुचवलीत, आणि तोच पुढे दुसऱ्या खरेदीला तुमच्याकडे आला, असा खरा प्रसंग असेल तर तो सांगा. नसेल तर रचू नका. दोन उलटप्रश्नांत रचलेलं उघडं पडतं.

करून दाखवण्याचा भाग

दोन्हीकडे छोटं नाटक करायला लावतात. मुलाखतीचा निकाल बहुतेक इथेच लागतो, म्हणून याबद्दल जरा सविस्तर.

फ्लोअरच्या, म्हणजे ठरलेल्या पगाराच्या विभागातल्या, जागेसाठी बहुधा चिडलेला ग्राहक उभा करतात. बिल हरवलंय, वस्तू परत करायची आहे, आवाज चढलाय. किंवा एकाच वेळी दोन ग्राहक: एकाला ट्रायल रूम हवी आहे, दुसऱ्याला साइज. नियम पाठ आहेत की नाही हे इथे पाहत नाहीत, ते पहिल्या आठवड्यात शिकवतातच. तुम्ही आधी ऐकता का, ‘थांबा’ म्हणताना किती वेळ ते सांगता का, आणि जे आपल्या हातात नाही ते कबूल करून मॅनेजरला बोलावता का, हे पाहतात. परस्पर पैसे परत देण्याचं आश्वासन देणारा उमेदवार गोड बोलला तरी मागे पडतो.

काउंटरवर मात्र वस्तूच हातात देतात: ‘हा पेन मला विका.’ पेनची शाई, पकड, रंग यांचं कौतुक सुरू करणारे दहातले आठ असतात. वस्तू खाली ठेवा आणि विचारा: रोज किती लिहिता, सध्या कशाने लिहिता, त्यात काय खटकतं? उत्तर मिळाल्यावर त्या एकाच खटकणाऱ्या गोष्टीवर बोला. मग समोरचा म्हणतो, ‘बघतो, विचार करून सांगतो.’ खरी परीक्षा इथे सुरू होते. घाईने किंमत उतरवू नका. शांतपणे विचारा, ‘नक्की कशाचा विचार करायचा आहे, किमतीचा की वस्तूचा?’ नकार ऐकूनही चेहरा पडला नाही आणि आवाज चढला नाही, एवढंच पुष्कळदा पुरतं.

काही मोठ्या स्टोअरमध्ये फ्लोअरच्या जागांसाठी आठ-दहा जणांना एकत्र बसवून गटमुलाखत घेतात. तिथे सर्वांत जास्त बोलण्याची गरज नसते. शेजारच्याचं बोलणं तोडून पुढे जाणारा ग्राहकाचंही बोलणं तोडेल, असा अंदाज बांधला जातो.

पूर्वानुभवाच्या प्रश्नांची तयारी दोन्हीकडे सारखीच: प्रसंग काय होता, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं, या क्रमाने दोन-तीन प्रसंग तोंडी बसवून ठेवा. फक्त काउंटरच्या मुलाखतीत आकडा जोडा. ‘विक्री वाढवली’ याला वजन नाही. ‘दिवसाला १०० जण यायचे, २० घ्यायचे, मी ट्रायल रूमजवळ उभा राहू लागलो तेव्हा २५ घ्यायला लागले,’ याला आहे. आलेल्यांपैकी किती जणांनी घेतलं याला तिथे कन्व्हर्जन म्हणतात. दुसरा आकडा सरासरी बिलाचा. हे दोन शब्द कळून वापरता आले तर नवखा उमेदवारही नवखा वाटत नाही.

पैशाचा प्रश्न

दोन मुलाखतींतला सर्वांत मोठा फरक तुम्ही काय विचारायचं याचा आहे, आणि नेमकं इथेच उमेदवार गप्प बसतात. ठरलेल्या पगाराच्या ठिकाणी विचारा: आठवड्याला किमान किती तास नक्की मिळतील? रोस्टर किती दिवस आधी लागतो? तासांवर पगार असेल तर तास कमी झाले की पगारही कमी होतो, तेव्हा ‘ठरलेला’ हा शब्द किती पक्का आहे ते यातूनच कळतं.

कमिशनच्या ठिकाणी टक्का विचारून थांबू नका. टार्गेट कसं मोजतात ते विचारा. समजा महिन्याचं टार्गेट ४० वस्तूंचं आहे आणि कमिशन ८० टक्के गाठल्यावर सुरू होतं. म्हणजे ३२ विकणाऱ्याला कमिशन मिळतं आणि ३१ विकणाऱ्याला काहीच नाही. टार्गेट एकेकट्याचं आहे की सगळ्या काउंटरचं? रजेचे दिवस वजा होतात का? परत आलेला माल कोणाच्या खात्यातून जातो, आणि किती दिवसांपर्यंत? शिकाऊ महिन्यांत टार्गेट लागू आहे का? वस्तूवर कमिशन आहे की वाढीव वॉरंटी आणि ॲक्सेसरीजवर? शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कमिशन मुख्यतः वॉरंटीवर असेल तर तुमचा दिवस वॉरंटी गळ्यात मारण्यात जाणार आहे. ते तुम्हाला मानवेल का, हे तुम्हीच जाणता.

ही दुहेरी पद्धत आजची नाही. अरिस्तीद बुसिको १८५२ मध्ये पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ या दुकानात भागीदार झाला. ठरलेल्या किमती लावून त्याने घासाघीस बंद केली, पण विक्रेत्यांना विक्रीवर वाटा दिला. पुढे अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक्स विकणाऱ्या ‘बेस्ट बाय’ने १९८९ मध्ये कमिशन सोडून पगाराची वाट धरली. त्याची स्पर्धक ‘सर्किट सिटी’ २००३ पर्यंत कमिशनवर होती. त्या वर्षी तिने कमिशन बंद केलं आणि सुमारे ३,९०० विक्रेत्यांना घरी पाठवलं. २००७ मध्ये जास्त पगाराचे आणखी ३,४०० गेले आणि २००८ च्या नोव्हेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. म्हणून माझा आग्रह आहे: कमिशनची पद्धत शेवटची कधी बदलली, हे मुलाखतीत जरूर विचारा. कमिशनवर घर चालवणाऱ्याच्या दृष्टीने तो बदल म्हणजे नोकरीच बदलणं.

मग कोणी कुठे बसावं?

पहिलीच नोकरी असेल, हाताशी तीन-चार महिन्यांचा खर्च नसेल, शिक्षण चालू असेल, तर मी बेधडक ठरलेल्या पगाराची जागा सांगेन. तिथे ग्राहकाशी बोलायला भीती न बाळगता शिकता येतं. त्या दिवशी काही विकलं नाही तरी जेवण गोड लागतं. लाजाळू माणसालाही ही जागा मानवते. शांत, नीटनेटके, लक्षात ठेवणारे विक्रेते फ्लोअरवर फार उपयोगी पडतात.

काउंटर त्यांच्यासाठी आहे ज्यांना एखाद्या वस्तूचं खरोखर वेड आहे, म्हणजे जे कॅमेऱ्याबद्दल किंवा गाद्यांबद्दल न विचारताही बोलत बसतात. त्यांना मंदीचा महिना सोसण्याइतकी गाठीशी शिल्लक हवी. तशी माणसं ठरलेल्या पगारावर कोमेजतात. मात्र निव्वळ ‘चांगलं बोलता येतं’ एवढ्यावर काउंटरकडे जाऊ नका.

दोन्हीकडून होकार आला तर उत्तर देण्याआधी ग्राहक म्हणून स्टोअरमध्ये एक चक्कर मारा, शक्यतो कामाच्या दिवशी दुपारी. तासभर थांबा. काउंटरवर चार विक्रेते आणि एक ग्राहक असेल, आणि चौघेही एकदम त्याच्याकडे वळत असतील, तर तिथलं टार्गेट कोणाच्याच आवाक्यात नाही. फ्लोअरवर एकच मुलगी तीन विभागांत धावत असेल, तर मुलाखतीत सांगितलेले तास कागदावर लिहून मागा.