तांब्याच्या तुकड्यातील अणू मोजताना: वस्तुमान, आकारमान की वीजप्रवाह?

तांब्याच्या एखाद्या तुकड्यात किती अणू आहेत हे शोधण्याचा प्रयोग अकरावीच्या प्रकल्पासाठी घ्यायचा असेल, तर पहिला निर्णय पद्धतीचा करावा लागतो. एकेक अणू मोजता येत नसल्यामुळे कोणतीही पद्धत निवडली तरी वाट मोलवरूनच (मोल म्हणजे अणूंचा ठरावीक संख्येचा गठ्ठा) जाते: तुकड्यात किती मोल तांबे आहे हे काढायचे आणि त्या संख्येला ६.०२२ × १०^२३ या अ‍ॅव्होगॅड्रो अंकाने गुणायचे. पद्धतींमध्ये फरक आहे तो मोल कशावरून काढायचे, एवढाच.

वस्तुमानाची पद्धत सर्वांत सरळ आहे. तुकडा १२.७१ ग्रॅम भरला, तर त्याला तांब्याच्या मोलर वस्तुमानाने (एका मोलच्या वस्तुमानाने), म्हणजे ६३.५५ ग्रॅम प्रति मोलने, भागल्यावर ०.२०० मोल मिळतात आणि अणूंची संख्या १.२०४ × १०^२३ येते. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत अचूक असेल, तर वजनातली चूक टक्क्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी राहते.

त्याच तुकड्याचे आकारमान पाण्यात बुडवून मोजले, तर घनता ८.९६ ग्रॅम प्रति घन सेंमी धरून ते सुमारे १.४२ घन सेंमी यायला हवे. परंतु एक-एक मिलिलिटरच्या खुणा असलेल्या मोजपात्रात अर्ध्या मिलिलिटरची चूक सहज होते आणि तेवढ्यानेच उत्तर सुमारे ३५ टक्क्यांनी चुकते. तुकडा २५०-३०० ग्रॅमचा असल्याशिवाय ही पद्धत मला पटत नाही. भिंतीला जडलेल्या पट्टीसारखी काट्यावर ठेवताच न येणारी वस्तू असेल, तर मात्र लांबी, रुंदी आणि जाडी मोजून हाच मार्ग धरावा लागतो.

विद्युत अपघटनाची, म्हणजे द्रावणातून वीजप्रवाह सोडून त्यातला धातू वेगळा काढण्याची, पद्धत वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. कॉपर सल्फेटच्या द्रावणातून ०.५ अँपिअरचा प्रवाह ३० मिनिटे सोडला, तर ९०० कूलोम प्रभार वाहतो. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार ९६,४८५ कूलोम असतो आणि तांब्याच्या प्रत्येक आयनाला (द्रावणातल्या प्रभारित अणूला) दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून ऋणाग्रावर (बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या पट्टीवर) सुमारे ०.००४६६ मोल, म्हणजेच २.८१ × १०^२१ अणू जमतात. ही मोजणी हातातल्या तुकड्याची नसून नव्याने साचलेल्या थराची आहे. तरीही दोन तास हाताशी असतील तर मी हाच प्रयोग सुचवीन, कारण तो थर तोलून पाहिल्यावर ०.२९६ ग्रॅमच्या जवळचे वस्तुमान मिळते आणि मोलच्या कल्पनेची दोन स्वतंत्र वाटांनी पडताळणी होते. प्रवाह मात्र जास्त ठेवू नये, नाहीतर तांबे भुसभुशीत साचून गळून पडते.

या सर्वांहून मोठी चूक धातूच्या शुद्धतेत दडलेली असते, आणि तिच्याकडे विद्यार्थी सर्वांत कमी लक्ष देतात. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेले पितळ शुद्ध तांबे समजून गणित केले, तर एकूण अणूंची संख्या जेमतेम ०.८ टक्क्याने चुकते, कारण जस्ताचे मोलर वस्तुमान ६५.३८ म्हणजे तांब्याच्या अगदी जवळचे आहे. परंतु तांब्याचे अणू प्रत्यक्षापेक्षा सुमारे ४३ टक्के जास्त दिसतात. २० मे २०१९ पासून अ‍ॅव्होगॅड्रो अंक ६.०२२१४०७६ × १०^२३ असा नेमका ठरलेला आहे. तथापि त्यातले सर्व अंक गणितात घातल्याने अशुद्ध तुकड्याचे उत्तर सुधारत नाही.

म्हणून पद्धत कोणतीही असो, नमुना म्हणून विजेच्या तारेतले उघडे तांबे घ्यावे, कारण ते बरेच शुद्ध असते. वर काळपट थर असेल तर तो चिंचेने घासून काढावा आणि तुकडा धुऊन पूर्ण वाळवूनच काट्यावर ठेवावा. पाण्याचा एक थेंबही सुमारे ०.०५ ग्रॅमचा असतो, म्हणजे ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाच खुणांचा फरक पडतो.