मुंबईहून मॉरिशसला घर हलवताना: अख्खा कंटेनर, वाटणीचा कंटेनर की नुसत्या बॅगा?

भाच्याला मॉरिशसमध्ये नोकरी लागली. ठाण्याचं भरलेलं घर हलवायचं म्हणून त्याने दोन एजंटांकडून कोटेशन मागवली. एक एलसीएलचं, म्हणजे वाटणीच्या कंटेनरचं. त्यात सीबीएमचा, म्हणजे घनमीटरचा, दर इतका कमी की त्याला टायपिंगची चूक वाटली. दुसरं वीस फुटी अख्ख्या कंटेनरचं, आणि तो आकडा बघून त्याने फोनच केला. "मावशी, यात विचार काय करायचा? स्वस्त तेच घ्यायचं ना?"

विचार करायचा आहे. आम्ही तो केला नव्हता आणि चांगलेच पोळलो, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं सामान नऊ सीबीएम होतं, वाटणीच्या कंटेनरमध्ये टाकलं. न्हावाशेव्याहून जहाज निघेपर्यंत सगळं सुरळीत. पोर्ट लुईला माल उतरला आणि तिथल्या एजंटचं बिल आलं: कंटेनर रिकामा करण्याचे, गोदामाचे, हाताळणीचे, डिलिव्हरी ऑर्डरचे, कागदपत्रांचे असे वेगवेगळे पैसे, त्यातले बरेचसे दर सीबीएममागे. बेरीज मुंबईत भरलेल्या भाड्याच्या तिप्पट. पैसे भरल्याशिवाय सामान सुटत नाही आणि वाद घालत बसलो तर गोदामभाडं रोज चढतं. दोन दिवस चिडचिड केली आणि भरले.

नंतर कळलं की हा धंदाच असा चालतो. माल मिळवण्यासाठी इथला दर पाडतात, कधी कधी भाडं शून्यावर येतं, आणि वसुली पलीकडच्या बंदरात होते. तुम्हाला मुंबईत दहा एजंट मिळतील, पण माल बेटावर पोचला की तिथल्या ज्या एजंटाच्या नावाने आला त्याच्याशीच व्यवहार. म्हणून सीबीएमच्या दरावर तुलना करूच नका. तुमच्या दारापासून तिथल्या दारापर्यंतचा एकूण आकडा मागा, आणि पोर्ट लुईचे आकार, म्हणजे तिथे लागणारे सगळे पैसे, ओळीओळीने लेखी मागा. लेखी द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

आता मोजमाप. घरात टेप घेऊन बसा, अंदाजपंचे नको. अठरा इंची चौकोनी खोकी दहा ठेवली की जवळपास एक सीबीएम होतो. डबल डोअर फ्रिज पॅकिंगसकट साधारण एक, वॉशिंग मशीन अर्धा. पलंग सुटा केला तरी गादी मात्र पाऊण सीबीएम खाते. एलसीएलमध्ये एक सीबीएम किंवा एक टन, यांतलं जे जास्त भरेल त्यावर पैसे लागतात. घरचं सामान वजनाला हलकं असतं, त्यामुळे आपण जागेचेच पैसे भरतो. पुस्तकांची दहा खोकीसुद्धा टनाला पोचत नाहीत.

वीस फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे ३३ सीबीएम. घरचं सामान वेडंवाकडं असतं, म्हणून प्रत्यक्षात २५ ते २८ बसतं. टू बीएचके त्यात आरामात जातं. तुमचं सामान अर्धाच कंटेनर भरलं तरी भाडं पूर्ण. तरीही १२ ते १५ सीबीएमच्या आसपास दोन्ही पर्यायांचा एकूण खर्च बरोबरीला येऊ लागतो, कारण अख्ख्या कंटेनरचे बंदरावरचे बरेच आकार कंटेनरमागे असतात, सीबीएममागे नाहीत. चाळीस फुटीचं भाडं वीस फुटीच्या दुप्पट नसतं हे खरं, पण दोन कुटुंबं मिळून जात असाल तरच त्याचा विचार करा.

बेटाचं भाडं मुळात जास्त का, हेही समजून घ्या म्हणजे घासाघीस कुठे चालेल ते कळतं. मॉरिशसची आयात निर्यातीपेक्षा कितीतरी जास्त आहे. भरून आलेले कित्येक कंटेनर रिकामेच परत न्यावे लागतात आणि तो परतीचा खर्च येणाऱ्या मालावरच बसतो. कंटेनर उतरवायला बंदरही एकच, पोर्ट लुई. एजंटाच्या नफ्यात कमी-जास्त होईल, जहाजाच्या भाड्यात फारसं नाही. रॉड्रिग्ज बेटावर जायचं असेल तर तिथून पुढे साडेपाचशेहून जास्त किलोमीटर, दुसरं जहाज आणि दुसरा खर्च.

पैशांपलीकडचा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अख्ख्या कंटेनरला सील लागतं ते तिथे पोचल्यावरच निघतं. वाटणीच्या मालाची मात्र पुण्या-ठाण्याहून टेम्पोत, मग सीएफएसच्या, म्हणजे बंदराजवळ कंटेनर भरण्याच्या जागेच्या, गोदामात, मग इतरांच्या मालाबरोबर स्टफिंग (कंटेनर भरणं), मग पलीकडे डीस्टफिंग (रिकामा करणं) अशी उचलाठेव होते. माझ्या सासूबाईंच्या पितळी समईची दांडी त्यात वाकली. ती सरळ करून दिली, पण जिथे वाकली होती तिथे बोट फिरवलं की अजून लागतं. शिवाय कंटेनर भरेपर्यंत एलसीएलचा माल गोदामात पडून राहतो, आणि कोलंबोमार्गे गेला तर आणखी दिवस.

अख्ख्या कंटेनरचीही डोकेदुखी आहे. सोसायटीच्या फाटकातून ट्रेलर आत येत नाही, म्हणून बहुतेक वेळा सामान टेम्पोने नेऊन सीएफएसमध्येच कंटेनरमध्ये भरावं लागतं, याला डॉक स्टफिंग म्हणतात. पलीकडे डिटेन्शनचा मीटर असतो: ठरलेल्या मोफत दिवसांत कंटेनर रिकामा करून परत दिला नाही, तर रोजचा दंड. हे मोफत दिवस किती, ते बुकिंगच्या आधीच वाढवून मागा. नंतर कुणी ऐकत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे चक्रीवादळांचा हंगाम. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या. बंदर बंद राहिलं तर ते दिवस कुणाच्या खात्यावर, हेही विचारून ठेवा. जमलं तर मे ते ऑक्टोबर गाठा.

विमा दोन्हीकडे काढाच, यात मी तडजोड सांगणार नाही. मे २०२५ मध्ये कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं, त्यावर सहाशेवर कंटेनर होते. जहाज वाचलं तरी जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर झालं की वाचवण्याचा खर्च सगळ्या मालधन्यांत वाटला जातो. विमा नसेल तर रोख अनामत भरा, मगच माल.

आणि बॅगा? सामान एक-दोन सीबीएमचं असेल तर समुद्राच्या वाटेला जाऊच नका. एलसीएलमध्ये किमान एक सीबीएम आणि वर कागदपत्रांचे ठरीव आकार लागतातच. विमानाने एक सीबीएम म्हणजे हिशोबाला १६७ किलो धरतात; ते महाग, पण थोड्या सामानाला दोन्ही आकडे जवळ येतात आणि सामान आठवड्यात हातात पडतं. वीज तिकडेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे मिक्सर चालतो. फक्त पिना चौकोनी, म्हणून अ‍ॅडॉप्टर घ्या. मसाले, धान्य, बियाणं सामानात कोंबू नका. तपासणीत अडकलं की बाकीचंही अडकतं. साध्या लाकडाच्या पेटीवर उष्णता प्रक्रियेचा शिक्का हवा, प्लायवूडला लागत नाही. करसवलत तुमच्या तिथे राहण्या-काम करण्याच्या परवान्यावर ठरते, आणि ती नसेल तर व्हॅटच १५ टक्के आहे. म्हणून सामान निघायच्या आधी ते पक्कं करा.

भाच्याने रविवारी मोजलं. सोफा आणि डायनिंग टेबल धरून १४ सीबीएम. दारापासून दारापर्यंतची दोन्ही कोटेशन पुन्हा मागवली, या वेळी पोर्ट लुईच्या आकारांसकट. पहिल्या कागदावर कितीतरी पट दिसणारा फरक आता एका कपाटाच्या किमतीएवढा उरला. मी त्याला अख्खा वीस फुटी घ्यायला सांगितलं. सोफा गेला नसता आणि आकडा नऊवर आला असता तर एलसीएलच म्हटलं असतं, लेखी आकारांसह आणि नाजूक वस्तू प्लायवूडच्या पेटीत घालून.

स्टफिंगला तो स्वतः उभा राहणार आहे. गाद्या दाराशी, फ्रिज उभाच, आणि दार बंद झालं की सीलच्या नंबराचा फोटो काढून मला पाठवायचा, असं ठरलं आहे.